सरकारी नोकरीची चारित्र्य पडताळणी : अटेस्टेशन फॉर्ममध्ये खरं ते लिहा (इंदूर)

पागनीसपागा

भंवरकुआंला खोली घेऊन वर्षानुवर्षं अभ्यास करणाऱ्या मुलांना अभ्यासक्रमाची खडानखडा माहिती असते. निवड झाल्यावर हातात पडणाऱ्या अटेस्टेशन फॉर्मबद्दल विचारलं तर मात्र ‘ते काय, भरून द्यायचं’ एवढंच उत्तर येतं. हा धागा त्या फॉर्मसाठी आहे. मी केंद्र सरकारच्या एका कार्यालयात आस्थापना शाखेत होतो, आता निवृत्त आहे. हे फॉर्म तपासून पुढे पाठवायचे आणि परत आलेल्या पोलीस अहवालावर टिपणी लिहून साहेबांपुढे ठेवायची, हे माझं काम होतं.

फॉर्मच्या माथ्यावरच इशारा छापलेला असतो. खोटी माहिती दिली किंवा खरी दडवली तर ती अपात्रता समजली जाईल, आणि नोकरीत असताना केव्हाही हे उघड झालं तरी सेवा संपवता येईल. त्याखाली आईवडिलांची नावं, जन्मस्थान, राष्ट्रीयत्व, शिक्षण, आधीच्या नोकऱ्या. मागच्या पाच वर्षांत जिथे सलग वर्षभराहून जास्त राहिलात ते सगळे पत्ते. परदेशात राहिला असाल तर वयाच्या २१ वर्षांनंतरचे असे सगळे पत्ते. मुलंबाळं परदेशात शिकत असतील तर तेही. आणि मग तो कॉलम: कधी अटक झाली का, खटला चालला का, स्थानबद्ध केलं का, बाँड लिहून घेतला का, न्यायालयाने दंड केला का, शिक्षा झाली का, एखाद्या परीक्षेला बसायला बंदी झाली का, एखाद्या आयोगाने बंदी घातली का, आज एखादं प्रकरण सुरू आहे का. प्रत्येकापुढे हो किंवा नाही.

मुलं या कॉलमवर ‘नाही’ची रांग लावून मोकळी होतात. काहींना आठवत नसतं, काहींना वाटतं की सुटका झाली म्हणजे ते प्रकरण मोजायचंच नाही. बऱ्याच जणांना घरातलाच कोणी वडीलधारा सांगतो, ‘लिहू नकोस, कोण बघतंय?’

बघतात. फॉर्म त्या त्या जिल्ह्याच्या प्रशासनाकडे आणि पोलिसांकडे जातो. इंदूरला डिसेंबर २०२१ पासून पोलीस आयुक्त आहेत, त्यामुळे इथले फॉर्म आयुक्त कार्यालयामार्फत फिरतात. तिथून विशेष शाखा, तिथून थाना, थान्यातून बीटचा हवालदार तुमच्या मोहल्ल्यात. पूर्वी थान्याचं रजिस्टर चाळावं लागायचं. आता सीसीटीएनएसमध्ये, म्हणजे पोलिसांच्या देशभरच्या संगणकीय गुन्हे-नोंदीत, नाव टाकलं की खरगोनला झालेला गुन्हा इंदुरात दिसतो.

माझ्यासमोरून गेलेल्या प्रकरणांत जुन्या गुन्ह्यामुळे नोकरी गेलेले थोडे होते, तो लपवल्यामुळे गेलेले जास्त. ज्या भांडणाकडे साहेबांनी कदाचित दुर्लक्ष केलं असतं, त्यावर ‘नाही’ लिहिलेलं असायचं, आणि मग टिपणीचा विषय भांडण राहायचा नाही, उमेदवाराचा खोटेपणा व्हायचा. हे बघून मला दर वेळी वाईट वाटायचं. मुलगा गुन्हेगार नसायचा. चुकीचा सल्ला ऐकून बसलेला असायचा.

या विषयावरचा मुख्य निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी २१ जुलै २०१६ रोजी दिला, अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार. त्याचं सार असं: माहिती खरीच द्यायची. प्रकरण किरकोळ असेल तर ती दडवली गेली तरी सरकार आपल्या अखत्यारीत माफ करू शकतं. गुन्हा गंभीर असेल तर उमेदवारी जाईल. खरं सांगितलं म्हणून नोकरी मिळालीच पाहिजे असाही हक्क नाही, पूर्वचारित्र्य पाहण्याचा अधिकार सरकारकडे राहतोच. मात्र फॉर्ममधला प्रश्न मोघम असून चालणार नाही, आणि जी गोष्ट उमेदवाराला ठाऊकच नव्हती ती दडवल्याचा ठपका त्याच्यावर ठेवता येणार नाही.

प्रश्न असतील तर विचारा, माहीत असेल तेवढं सांगेन.

भंवरकुआं_गल्ली४

काका, माझा प्रश्न सरळ आहे. डिसेंबर २०२४ मध्ये एमपीपीएससीच्या (मध्य प्रदेश लोकसेवा आयोग) कार्यालयासमोर आमचं आंदोलन झालं. कडाक्याच्या थंडीत मुलं-मुली रात्रभर डेली कॉलेज रोडवर बसल्या होत्या. मीही होतो. माझ्यावर काहीच नोंद नाही, पण घरचे आता कुठल्याही धरण्याला जाऊ देत नाहीत. नाव आलं की नोकरी गेली, असं म्हणतात. परीक्षा वेळेवर घ्या, उत्तरपत्रिका दाखवा, एवढं मागणं हा चारित्र्यावरचा डाग आहे का?

पागनीसपागा

नाही. ज्या निकालाबद्दल वर लिहिलं त्यात किरकोळ प्रकरणाचं उदाहरण म्हणून न्यायालयाने तरुण वयात दिलेल्या घोषणांचाच उल्लेख केला आहे. गर्दीत बसणं हा गुन्हाच नाही, आणि नोंद नसेल तर लिहायलाही काही नाही. उद्या समजा एखाद्या आंदोलनात नाव आलं, तर नाव, तारीख, थाना, कलम, सद्यस्थिती सगळं लिहायचं. फॉर्म दिल्यानंतर नाव आलं तर तेही ताबडतोब लेखी कळवायचं. फॉर्ममध्येच लिहिलेलं असतं की नंतर घडलेलं कळवलं नाही तर तीही माहिती दडवणं धरलं जाईल. मुलं ही ओळ वाचतच नाहीत, ती माथ्यावरच्या इशाऱ्यातच असते.

सुदामानगर_ताई

दादा, मी इथे नेहमी फक्त वाचते, आज लिहिते आहे. माझ्या मुलाची एसएससीतून (कर्मचारी निवड आयोग) केंद्राच्या एका खात्यात निवड झाली आहे. फॉर्म आला आहे. २०२२ च्या अनंत चतुर्दशीला तो मित्रांबरोबर जेल रोडवर झांक्या (मिरवणुकीतले चित्ररथ) बघायला गेला होता. दोन टोळक्यांत मारामारी झाली, पोलिसांनी दिसेल त्याला उचललं. रात्रभर थान्यात ठेवलं, दुसऱ्या दिवशी कागदावर सही घेऊन सोडलं. ‘१५१ आहे, काही नाही’ असं सांगितलं. पुढे कोणी बोलावलं नाही. माझे दीर म्हणतात केसच नाही तर लिहायचं कशाला, उगाच स्वतःच्या पायावर धोंडा. मुलाची झोप उडाली आहे. काय करू?

वकील_ओल्ड_पलासिया

ताई, मी इंदूर खंडपीठात सेवाविषयक प्रकरणं चालवतो, म्हणून जरा तपशिलात सांगतो.

तेव्हाच्या दंड प्रक्रिया संहितेचं कलम १५१ म्हणजे दखलपात्र गुन्हा घडू नये म्हणून केलेली प्रतिबंधात्मक अटक. १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तेच कलम १७० आहे. यात शिक्षा नसते, आरोपपत्र नसतं, गुन्हा सिद्ध होण्याचा प्रश्नच नसतो. त्या अर्थाने तुमचे दीर म्हणतात ते बरोबर, केस नाही. पण फॉर्म ‘केस आहे का’ एवढंच विचारत नाही. तो ‘कधी अटक झाली का’ हेही विचारतो, आणि १५१ ही अटकच आहे. शिवाय दुसऱ्या दिवशी सही घेतली म्हणजे बहुधा कलम १०७ आणि ११६ खाली शांतता राखण्याचा बाँड घेतला असणार, आपल्याकडे ज्याला बाउंड ओव्हर म्हणतात. फॉर्म तेही नाव घेऊन विचारतो.

आता दिलासा. ११६ खालची चौकशी सहा महिन्यांत पुरी झाली नाही तर, दंडाधिकाऱ्याने खास कारण नोंदवून ती वाढवली नसेल, तर ती संपुष्टात येते. तुमच्या मुलाला पुन्हा बोलावलं नाही याचा अर्थ बहुतेक तेच झालं. २०२२ मध्ये आयुक्तालय सुरू झालेलं होतं, म्हणजे ही प्रकरणं तहसीलदारांकडे नसून सहायक पोलीस आयुक्तांच्या न्यायालयात चालत होती. तिथे अर्ज करून आदेशाची प्रमाणित प्रत काढा. ती प्रत जोडून खरं लिहा.

रोखठोक_राऊ

वकीलसाहेब आणि काका, तुमचं सगळं कागदावर ठीक आहे. मी माझ्या आतेभावाचं बघितलं ते सांगतो. त्याने प्रामाणिकपणे लिहिलं, शेजाऱ्याशी भांडण, कलम ३२३ (साधी मारहाण), लोकअदालतीत तडजोड. फाइल कित्येक महिने हललीच नाही. ‘वरून मार्गदर्शन मागवलं आहे’, एवढंच उत्तर. त्याच बॅचमधल्या दुसऱ्याने तसंच प्रकरण लिहिलं नाही आणि तो पहिल्याच महिन्यात रुजू झाला. आता सांगा, शिक्षा कुणाला झाली? खरं बोलणाऱ्यालाच ना? ताईंच्या मुलाला सल्ला देताना हेही सांगा.

पागनीसपागा

राऊ, तुमचा राग खोटा नाही. खरं लिहिणाऱ्याची फाइल जाड होते, तिच्यावर प्रत्येक पायरीला कोणीतरी प्रश्न विचारतो, आणि निर्णय घ्यायची भीती वाटणारा अधिकारी असेल तर तो ती वर ढकलतो. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे आणि मला ते कधीच पटलं नाही. केंद्राने २०१६ मध्ये सूचना काढली की पडताळणीसाठी नेमणूक अडवून ठेवू नका, उमेदवाराकडून फॉर्म आणि स्वयंघोषणा घेऊन तात्पुरतं नेमणूकपत्र द्या आणि पडताळणी सहा महिन्यांत पुरी करा. कागदावर ती आहे. पण स्वयंघोषणेत ‘हो’ दिसलं की काही कार्यालयं ही सोय द्यायलाच कचरतात.

तरीही मी सल्ला बदलणार नाही. तुमच्या आतेभावाच्या बॅचमधला तो दुसरा आज रुजू आहे, पण त्याच्या सेवापुस्तकात त्याच्या सहीचा तो फॉर्म चिकटवलेला आहे. बढतीच्या वेळी, एखाद्या तक्रारीच्या वेळी, घरच्या भावकीतल्या कोणी निनावी पत्र टाकलं तर, तो कागद बाहेर येतो. तेव्हा त्याला दोन मुलं असतील, घराचा हप्ता असेल. कायम झालेल्या कर्मचाऱ्याला विभागीय चौकशीशिवाय काढता येत नाही हे खरं, पण त्या चौकशीत त्याच्याकडे सांगायला काय असणार?

वकील_ओल्ड_पलासिया

राऊ, तुमच्या आतेभावाचं प्रकरण ज्या खात्याचं आहे ते पोलीस किंवा निमलष्करी दल असेल तर अधिक कडक बघतात, हेही लक्षात ठेवा. २०१८ मध्ये आपल्याच राज्याच्या पोलीस भरतीतलं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. सुभेदार-निरीक्षकाच्या भरतीत निवड झालेल्या मुलाने २००६ चं प्रलंबित प्रकरण शपथपत्रात सांगितलं होतं, आणि चारच दिवसांत ते तडजोडीने मिटवलं. न्यायालय म्हणालं, त्याने सांगितलं हे ठीक, तरी त्याला घ्यायचं की नाही हे ठरवण्याचा अधिकार खात्याचाच. वर्दीच्या नोकरीत ‘तडजोडीने सुटलो’ आणि ‘निर्दोष ठरलो’ यांत फरक केला जातो. कायद्याने तडजोडीचा परिणाम निर्दोष सुटण्याचाच असतो, पण नेमणूक देणारा त्यापलीकडे बघू शकतो.

दुसरी बाजूही आहे. मे २०२२ मध्ये रेल्वे सुरक्षा दलातल्या एका शिपायाच्या बाबतीत त्याच न्यायालयाने सांगितलं की माहिती दडवली, एवढ्या एकाच कारणावर मनमानीने काढून टाकता येणार नाही. गुन्ह्याचं स्वरूप, पदाची गरज, सगळं तोलून बघायला हवं. त्या शिपायाला परत घ्यायला लावलं. म्हणजे ‘लपवलं की संपलं’ हेही पूर्ण सत्य नाही. पण तिथवर पोचायला त्याची कित्येक वर्षं गेली. माझ्याकडे येणारी मुलं त्या वर्षांत कोचिंगमध्ये शिकवून पोट भरत असतात.

मालवा_एक्सप्रेस

छोटा प्रश्न. ट्रॅफिकचं चालान भरलं असेल तर ‘न्यायालयाने दंड केला का’ याला काय लिहायचं?

वकील_ओल्ड_पलासिया

चौकात किंवा ऑनलाइन भरलेलं तडजोड शुल्क हा न्यायालयाचा दंड नाही. चालान कोर्टात गेलं आणि तिथे भरलं असेल, तर लिहून टाका. हेल्मेटच्या दंडावरून कोणी नोकरी नाकारत नाही.

कॅट_कॉलनी_निवासी

इथे सगळं उमेदवाराच्या बाजूने बोलणं चाललं आहे, ते योग्यच आहे. मी दुसरी बाजू मांडतो, कारण माझी सगळी नोकरी राजा रामण्णा केंद्रात गेली, ज्याला इंदूर अजून ‘कॅट’ म्हणतं. अणुऊर्जा विभागाची संस्था आहे, आवारात इंडस-१ आणि इंडस-२ ही सिंक्रोट्रॉन (कणांना प्रचंड वेग देणारी) यंत्रं आहेत. अशा ठिकाणी नेमणुकीआधी पूर्वचारित्र्य बघणं ही औपचारिकता नाही. झाडू मारायला येणाऱ्या कंत्राटी माणसालाही पोलीस पडताळणीशिवाय प्रवेशपत्र मिळत नाही.

महूतल्या लष्करी संस्था, देवासची नोटांची छपाई, ही सगळी इंदूरच्या तासाभराच्या परिघातली ठिकाणं आहेत. तिथे कोण आत जातो हे बघितलंच पाहिजे. माझं म्हणणं एवढंच की बघणाऱ्याने नेमकं काय बघायचं ते ठरवावं. झांकीतल्या रात्रीपेक्षा कोणावर किती कर्ज आहे, कोण त्याला पैसे पुरवतो, तो कामाचे कागद कुठे घेऊन जातो, हे जास्त महत्त्वाचं. आपल्या पडताळणीत थान्याचा अहवाल येतो, पण हे काहीच येत नाही.

देवास_नाका

कॅटवाल्या काकांना अनुमोदन. जानेवारी २०१८ मध्ये देवासच्या बँक नोट प्रेसमध्ये काय झालं ते आठवा. सदोष म्हणून बाजूला काढलेल्या नोटा बुटात लपवून नेताना तिथल्याच एका उपनियंत्रण अधिकाऱ्याला सीआयएसएफच्या (केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल) जवानांनी पकडलं, घरूनही लाखोंच्या नोटा सापडल्या. एवढ्या वर पोचलेल्या माणसाची पडताळणी नोकरीला लागताना कधीतरी होऊन गेलेली असणारच. भरतीच्या वयात स्वच्छ असलेला माणूस पुढे बदलतो, त्यासाठी मधल्या काळात बघायची सोय हवी.

तशी सोय थोडीफार आहे. मध्य प्रदेशच्या १९६५ च्या आचरण नियमांत दरवर्षी स्थावर मालमत्तेचं विवरण द्यायचं आहे, ३१ जानेवारीपर्यंत. केंद्रातही तेच. बढती, परदेशवारी, संवेदनशील पद, यासाठी दक्षता शाखेचं ना-हरकत लागतं. पण विवरण भरलं की नाही एवढंच तपासतात, त्यात काय लिहिलं आहे ते तक्रार आल्याशिवाय कोणी उघडत नाही.

मृणाल_व्हर्जिनिया

मी मूळची लोकमान्य नगरची, आता अमेरिकन नागरिक. इथे सरकारी कंत्राटावर काम करण्यासाठी मला या प्रक्रियेतून जावं लागलं, म्हणून तुलनेसाठी लिहिते. (गोपनीय कामाची परवानगी अपवाद सोडता फक्त अमेरिकन नागरिकांनाच मिळते.)

फॉर्मचं नाव एसएफ-८६. शंभरावर पानं. मागच्या दहा वर्षांतला एकही महिना पत्त्याशिवाय सुटता कामा नये. कर्ज, दिवाळखोरी, दारू, अमली पदार्थ, परदेश प्रवास, परदेशी मित्र. इंदूरला राहणारी माझी आई, भाऊ, सासू-सासरे, सगळ्यांची माहिती द्यावी लागली. मग एक तपासनीस येऊन तासन्‌तास बोलतो आणि शेजाऱ्यांनाही विचारतो.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी की निर्णय कशावर घेतला जाणार हे छापलेलं आहे. तेरा निकष आहेत. प्रत्येक निकषाखाली काय चिंताजनक आणि कशाने ती चिंता कमी होते, दोन्ही लिहिलेलं आहे: किती वर्षं झाली, वय काय होतं, पुन्हा घडलं का, विचारण्याआधी स्वतःहून सांगितलं का. नकार द्यायचा असेल तर कारणांचं लेखी पत्र देतात, त्याला उत्तर देता येतं, आणि कंत्राटी कर्मचाऱ्याला सुनावणीही मागता येते. आता पाच-दहा वर्षांनी पुन्हा तपासायची जुनी पद्धत जाऊन सतत नजर ठेवायची पद्धत आली आहे, देवास नाक्यांनी म्हटलं तशी.

इथलंही सगळं चांगलं नाही. ही सगळी माहिती ज्या खात्याकडे जमा होते त्याच्या संगणकांत शिरकाव झाल्याचं २०१५ मध्ये उघड झालं. सुमारे २ कोटी १५ लाख लोकांची पार्श्वभूमीची माहिती चोरीला गेली, ५६ लाख लोकांच्या बोटांच्या ठशांसकट. माणसाच्या आयुष्यातलं सगळ्यात खाजगी ते एका जागी गोळा करायचं आणि ते सांभाळता येऊ नये, याची मला अजून धास्ती वाटते. भारतात असं काही उभारायचं तर आधी सांभाळायची तयारी हवी.

पागनीसपागा

मृणालताई, लेखी कारणं आणि उत्तर देण्याची संधी, या दोन गोष्टी आपल्याकडे आल्या तर निम्मे खटले उभेच राहणार नाहीत. आज ‘आपण शासकीय सेवेसाठी योग्य आढळला नाहीत’ एवढ्या एका ओळीवर मुलाला परत पाठवलेलं मी पाहिलं आहे. त्याला हेही कळत नाही की थान्याने त्याच्याबद्दल काय लिहिलं. नावाच्या सारखेपणावरून दुसऱ्याचा गुन्हा याच्या अहवालात आल्याचीही उदाहरणं माझ्यासमोर आली. विचारलं असतं तर पाच मिनिटांत उलगडलं असतं.

वैशाली_तिलकनगर

नावाचा विषय निघाला म्हणून. आपल्या मराठी बायकांची यात फार ओढाताण होते आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. लग्नात आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, काही घरांत अजून पहिलं नावही बदलतात. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक बाई, आधारवर दुसरी. त्यात इथले हिंदी बाबू मधलं नाव कधी घेतात, कधी सोडतात. माझ्या वेळी हवालदार माहेरच्या मोहल्ल्यात गेला आणि सासरचं नाव घेऊन विचारत फिरला. तिथे मला त्या नावाने ओळखणारं एकही माणूस नाही. ‘या पत्त्यावर राहत नाही’ असा अहवाल गेला.

मुलींनो, फॉर्ममध्ये ‘अन्य नावं किंवा टोपणनावं’ अशी जागा असते. तिथे माहेरचं पूर्ण नाव, लग्नाची तारीख, राजपत्र किंवा शपथपत्र असेल तर त्याचा उल्लेख, सगळं लिहा. विवाह नोंदणीचा दाखला जोडा. माहेरच्या शेजाऱ्यांना आधी फोन करून सांगा की असं असं कोणी येईल आणि या नावाने विचारेल.

पागनीसपागा

वैशालीताई, फार मोलाचं लिहिलंत. पत्त्यांबद्दल मीही एक जोडतो. भंवरकुआंला किंवा गीता भवनजवळ पेइंग गेस्ट म्हणून वर्षाहून जास्त राहिलेली मुलं तो पत्ता गाळतात, कारण भाडेकरार नसतो. गाळू नका. घरमालकाचं नाव लिहा, आणि खोली सोडताना त्यांच्याशी संबंध नीट ठेवा, कारण हवालदार त्यांनाच विचारणार. ओळखीच्या ज्या दोन जबाबदार व्यक्तींची नावं द्यायची असतात ती नात्यातली नकोत, आणि त्यांना आधी विचारून द्या.

रोखठोक_राऊ

आणि घरी आलेल्या माणसाने ‘चाय-पानी’ मागितलं तर?

पागनीसपागा

देऊ नका. चहा पाजा, माणूस उन्हातून आलेला असतो, पण पैसे देऊ नका. या पडताळणीसाठी उमेदवाराने घरी कोणाला काही द्यायचं नसतं. आलेल्याचं नाव आणि बक्कल क्रमांक टिपून ठेवा, कागदपत्रांच्या छायाप्रतींचा संच तयार ठेवा. अहवाल अडला तर नेमणूक देणाऱ्या कार्यालयाला लेखी विचारा, त्यांच्याकडून स्मरणपत्र गेलं की हलतो. माझ्या शाखेतून अशी स्मरणपत्रं सतत जात.

गेर_आणि_गोडवा

ओळखीतल्या एका मुलावर तो अल्पवयीन असताना बाल न्याय मंडळात प्रकरण चाललं होतं. त्याने काय करायचं?

वकील_ओल्ड_पलासिया

२०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम २४ सांगतं की त्या प्रकरणामुळे पुढे कुठलीही अपात्रता चिकटणार नाही, आणि ठरावीक मुदतीनंतर नोंदीही नष्ट करायच्या आहेत. अपवाद सोळा वर्षांवरच्या आणि प्रौढ म्हणून खटला चाललेल्या मुलांचा. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हेच तत्त्व नोकरीच्या प्रकरणात लावलं. त्या मुलाने फॉर्म भरण्याआधी एखाद्या वकिलाला कागद दाखवावेत, इथे तपशील टाकू नये.

सुदामानगर_ताई

सगळ्यांचे आभार. आज मुलाला हा धागा वाचायला दिला. काल आम्ही प्रमाणित प्रतीसाठी अर्ज केला. तिथल्या बाबूंनी रजिस्टर काढून दाखवलं, वकीलसाहेब म्हणाले तसंच आहे, १५१, मग १०७-११६, आणि मुदत संपल्यामुळे प्रकरण बंद. प्रत पुढच्या आठवड्यात मिळेल. दिरांना अजून पटलेलं नाही, पण मुलगा म्हणतो मला लिहायचं आहे. आता एकच विचारते. त्या कॉलममध्ये नेमकं काय लिहायचं? जागा दोन ओळींची आहे आणि तो घाबरून पानभर माफीनामा लिहायला बसला आहे.

पागनीसपागा

माफीनामा अजिबात नको. कोणाला दोष नको, स्वतःची बाजू मांडणं नको, झांकीचं वर्णनही नको. ‘अटक झाली का’ पुढे ‘हो’. ‘बाँड लिहून घेतला का’ पुढे ‘हो’. खटला, आरोपसिद्धी, शिक्षा, प्रलंबित प्रकरण यांपुढे ‘नाही’, कारण ते खरंच नाही. तपशिलाच्या जागी ‘सोबतचं परिशिष्ट पाहावं’ एवढं लिहून वेगळ्या कागदावर असं लिहू द्या:

“दिनांक ९ सप्टेंबर २०२२ रोजी रात्री इंदूर येथे (थान्याचं नाव) पोलिसांनी मला दंड प्रक्रिया संहिता कलम १५१ अन्वये प्रतिबंधात्मक अटक केली. दुसऱ्या दिवशी कलम १०७/११६ अन्वये वैयक्तिक बाँडवर मुक्त केलं. सदर कार्यवाही (आदेशाची तारीख) रोजी समाप्त झाली आहे. प्रकरण क्रमांक (…). आदेशाची प्रमाणित प्रत सोबत जोडली आहे. माझ्याविरुद्ध अन्य कोणतंही प्रकरण नोंदलेलं किंवा प्रलंबित नाही.”

तारीख, प्रकरण क्रमांक आणि कलमं आदेशाच्या प्रतीवरूनच उतरवा, आठवणीवरून नको. अटकेची नोंद मध्यरात्रीनंतरची असेल तर तारीख १० पडलेली असेल, ते तपासा. परिशिष्टावर सही, तारीख, आणि मूळ फॉर्मवर आहे तसंच पूर्ण नाव. सगळ्याची छायाप्रत घरी ठेवा आणि कार्यालयात देताना दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. प्रत हातात यायच्या आधी फॉर्म द्यायची मुदत संपत असेल तर थांबू नका, ‘प्रमाणित प्रतीसाठी अर्ज केला आहे, मिळताच सादर करीन’ असं लिहून अर्जाची पावती जोडा.

सुदामानगर_ताई

मुदत पुढच्या सोमवारची आहे. मग पावती जोडूनच देतो.

वकील_ओल्ड_पलासिया

ताई, पावतीवर अर्जाचा क्रमांक आणि शिक्का आहे ना, तेवढं आज बघून घ्या. नसेल तर उद्या सकाळी जाऊन मारून आणा.